प्रत दिली की नुसती चालवली? : नेटवर्क बूटिंगच्या परवान्यांचा आढावा

सकाळी लॅबचा मेन स्विच वर होतो आणि ओळीने मांडलेली यंत्रे जागी होऊ लागतात. त्यांतल्या एकातही हार्ड डिस्क नाही. प्रत्येक यंत्राचे नेटवर्क कार्ड आधी जाळ्यावर हाक देते, ‘मला पत्ता हवा आहे.’ सर्व्हर पत्ता देतो आणि सोबत एका फाइलचे नाव सांगतो. कार्ड ती फाइल टीएफटीपीने खेचून मेमरीत ठेवते आणि चालवायला घेते. ती फाइल म्हणजे बूटलोडर. तो पुढे लिनक्सचे कर्नल आणतो, कर्नल बाकीची व्यवस्था उभी करते, आणि दोन-तीन मिनिटांत विद्यार्थी कामाला लागलेले असतात.

हा बूटलोडर बहुतेक ठिकाणी मुक्तस्रोत असतो. म्हणजे तो कोणाच्या तरी मालकीचा आहे आणि काही अटींवर सर्वांना खुला आहे. बहुतेकदा त्या अटी जीपीएल या परवान्याच्या असतात. त्यातली सर्वांत महत्त्वाची अट सांगते, की तुम्ही बायनरी दुसऱ्याला दिलीत तर तिचा सोर्स कोडही मिळू द्या. प्रश्न इथेच उभा राहतो. सर्व्हरने रोज सकाळी त्या यंत्रांना जी फाइल पोचवली, ते ‘देणे’ झाले का? परवाने लिहिले गेले तेव्हा डोळ्यांसमोर फ्लॉपी, सीडी आणि खोक्यात येणारी उपकरणे होती. जाळ्यावरून क्षणभरासाठी पोचणारी आणि यंत्र बंद होताच नाहीशी होणारी प्रत त्या चौकटीत नीट बसत नाही.

पार्श्वभूमी

नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याची कल्पना जुनीच. पीसीच्या दुनियेत तिला सर्वमान्य रूप मिळाले ते इंटेलच्या पीएक्सई या मानकामुळे. त्याची २.१ ही आवृत्ती २० सप्टेंबर १९९९ची आहे आणि पीएक्सई म्हटले की आजही तीच समोर येते. मानक सर्वांना वाचायला उपलब्ध होते, पण कार्डावरच्या रॉममधला प्रत्यक्ष कोड कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा आणि बंद होता.

त्याआधीच, १९९५ साली, मार्कस गुट्श्के यांनी फ्रीबीएसडीमधला नेटवर्क बूटचा कोड लिनक्सच्या उपयोगासाठी घडवला आणि त्यातून इथरबूट प्रकल्प उभा राहिला. जुनी पीसी यंत्रे टर्मिनल म्हणून वापरणाऱ्या एलटीएसपीसारख्या प्रकल्पांनी इथरबूट शाळा-कॉलेजांपर्यंत नेला. कुणी तो फ्लॉपीवर ठेवी, कुणी ईप्रॉमवर कोरून कार्डावर बसवी. एच. पीटर अँव्हिन यांच्या सिसलिनक्स कुटुंबातला पीएक्सईलिनक्स हा दुसरा प्रवाह. तो कार्डातल्या तयार पीएक्सईवर विसंबून पुढचे काम करतो. इथरबूटचा पुढचा अवतार जीपीएक्सई, आणि २०१०मध्ये मायकेल ब्राउन यांच्या पुढाकाराने वेगळा झालेला आयपीएक्सई. टीएफटीपीबरोबर एचटीटीपी, आयस्कझी, स्क्रिप्टिंग अशा सोयी असल्याने आज या क्षेत्रात आयपीएक्सईचे नाव आधी घेतले जाते. क्यूईएमयूच्या आभासी नेटवर्क कार्डांचे रॉमही त्यातूनच बनतात.

२०१०च्या फाट्यातली एक गोष्ट परवान्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवावी अशी आहे. जुन्या प्रकल्पांची डोमेन नावे काम करणाऱ्या मंडळींच्या ताब्यात नव्हती. जीपीएलमुळे सगळा कोड त्यांना सोबत नेता आला, नाव मात्र मागे राहिले. परवाना कोडचे रक्षण करतो. नावाचे करत नाही.

साखळीत किती परवाने?

एका यंत्राच्या एका बूटमध्ये किती परवाने एकत्र येतात हे मोजून पाहावे. आयपीएक्सई मुख्यतः जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. लिनक्स कर्नलही दुसऱ्याच आवृत्तीखाली, तिसरी तिथे चालत नाही. ग्रब २ तिसऱ्या आवृत्तीखाली. सिक्युअर बूटसाठी लागणारा शिम बीएसडी परवान्याचा. डीएचसीपी आणि टीएफटीपी पुरवणारा डीएनएसमास्क जीपीएलच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीखाली, घेणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे. शेकडो यंत्रे एकाच ठिकाणाहून हाताळणारे कॅनॉनिकलचे मास एजीपीएलखाली.

परवान्यांची एवढी गर्दी असूनही भांडण होत नाही, कारण यातले बहुतेक घटक एकमेकांत मिसळत नाहीत. एक आपले काम संपवतो आणि दुसऱ्याच्या हाती यंत्र सोपवतो. असे सोपवणे म्हणजे दोन कार्यक्रमांचे एक होणे नव्हे, यावर जवळपास एकमत आहे.

त्याला एक अपवाद आहे. आयपीएक्सईची ‘यूएनडीआयओन्ली’ ही बायनरी स्वतःचा ड्रायव्हर न वापरता कार्डातल्या बंद कोडलाच काम सांगत राहते. दोन्ही एकाच वेळी, एकाच मेमरीत चालू असतात. एक पक्ष म्हणतो, बायॉसला हाक मारणे आणि हे यांत फरक नाही. कार्डाचा कोड यंत्राबरोबरच आलेला आहे. दुसरा पक्ष म्हणतो, जीपीएलचा कार्यक्रम बंद कोडशी इतका जवळून जोडलेला असेल तर तो एकच कार्यक्रम मानावा लागेल. व्यवहारात पहिले मत चालते, आणि मला ते पटतेही, कारण वापरणारा ती दोन्ही एकत्र करून कोणाला देत नाही. पण एखाद्या कंपनीने दोन्ही एकाच चिपमध्ये भरून विकायला काढली, तर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही.

‘देणे’ म्हणजे काय?

आता मुख्य मुद्दा. जीपीएलच्या कोणत्याही आवृत्तीत नुसते वापरण्यावर बंधन नाही. बंधन सुरू होते ते प्रत दुसऱ्याकडे गेल्यावर. जून १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी वाटप या अर्थाचा शब्द आहे, पण त्याची व्याख्या नाही. ती त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलेली आहे. २९ जून २००७च्या तिसऱ्या आवृत्तीने देशोदेशीच्या कायद्यांतल्या शब्दांपासून दूर राहण्यासाठी नवी संज्ञा घडवली. दुसऱ्याला प्रत करता येईल किंवा मिळेल असे काहीही करणे म्हणजे पोचवणे, अशी ती व्याख्या. जाळ्यावरून नुसता संवाद झाला आणि प्रत हलली नाही, तर ते पोचवणे नव्हे, असेही तिथे स्पष्ट केले आहे.

हे शेवटचे वाक्य वेबसाइटवरून सेवा देणाऱ्यांना मोकळे करते. नेटवर्क बूटिंगला त्याचा आधार मिळत नाही, कारण इथे प्रत खरोखरच हलते. वेबसेवेत कार्यक्रम सर्व्हरवरच राहतो आणि उत्तर तेवढे बाहेर येते. बूटिंगमध्ये कार्यक्रम स्वतः प्रवास करतो. मुक्तस्रोताच्या परवान्यांवर जे पुष्कळ लिहिले गेले आहे त्यात हा फरक क्वचितच ठळकपणे मांडला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगत आहे.

मग भूमिका कोणत्या? पहिली जीपीएल बनवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची, आणि ती स्पष्ट आहे. एका संस्थेने स्वतःच्याच यंत्रांसाठी कितीही प्रती केल्या तरी ते वाटप नाही. ती संस्थेने स्वतःसाठी केलेली नक्कल आहे. कॉलेजचा सर्व्हर, कॉलेजची यंत्रे, कॉलेजची जागा, तर प्रश्न मिटला. बहुसंख्य लॅबना एवढे उत्तर पुरते.

अडचण येते ती यंत्र दुसऱ्याचे असते तेव्हा. विद्यार्थी स्वतःचा लॅपटॉप जाळ्याला जोडतो आणि तोही त्याच मेन्यूतून सुरू होतो. डेटा सेंटरमध्ये ग्राहकाने स्वतःचा सर्व्हर ठेवलेला असतो आणि तिथला बूट सर्व्हर त्याला आयपीएक्सई पुरवतो. दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाचे यंत्र नेटवर्कवरून सुरू करून तपासले जाते. सावधगिरीचा पक्ष म्हणतो, यंत्र ज्याचे त्याच्या हाती प्रत गेली, म्हणून सोर्स कोडची जबाबदारी आली. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत गेली ती मेमरीत, काही सेकंदांसाठी. कर्नल सुरू होताच बूटलोडरची जागा पुसली जाते. जी प्रत घेणाऱ्याला ठेवता येत नाही, ती दिली असे कसे म्हणायचे?

मेमरीतली प्रत ही प्रत आहे का, यावर अमेरिकेतल्या दोन निकालांची दिशा वेगळी आहे. १९९३मध्ये एमएआय विरुद्ध पीक या खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले, की दुरुस्तीवाल्याने यंत्र सुरू केले आणि कार्यक्रम मेमरीत आला, म्हणजे प्रत झाली. २००८मध्ये कार्टून नेटवर्क विरुद्ध सीएससी होल्डिंग्ज या खटल्यात दुसऱ्या सर्किटच्या न्यायालयाने बफरमध्ये जेमतेम १.२ सेकंद राहणाऱ्या मजकुराला प्रत मानण्यास नकार दिला. बूटलोडर मेमरीत राहतो तो काळ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतो. शिवाय दोन्ही निकाल प्रत ‘करण्या’बद्दलचे आहेत, ‘देण्या’बद्दलचे नाहीत. त्यामुळे त्यांतून थेट उत्तर निघत नाही, दिशा तेवढी दिसते.

भारतातला १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या कार्यक्रमाला साहित्यकृती मानतो. इलेक्ट्रॉनिक साधनाने साठवणे हाही पुनरुत्पादनाचाच प्रकार, असे कलम १४ सांगते. म्हणजे मेमरीतली प्रत आपल्याकडे कायद्याच्या नजरेतून सहज सुटणार नाही. पण त्याच कलमातला वितरणाचा हक्क ‘जनतेला प्रती देणे’ या शब्दांत आहे. कॉलेजात नाव घातलेले विद्यार्थी ही जनता का? आणि ज्याच्याकडे कार्यक्रम रीतसर आला आहे त्याला तो ज्या कामासाठी मिळाला त्या कामापुरत्या प्रती करण्याची मोकळीक कलम ५२ देते. तिच्यात जाळ्यावरचे दुसऱ्याचे यंत्र बसते का? नुसता मजकूर वाचून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो.

आभासी यंत्रांचे चित्र त्या मानाने सोपे आहे. क्लाउड कंपनीच्या यजमान यंत्रात आयपीएक्सईचा रॉम चालतो, ग्राहकाला त्याचा परिणाम दिसतो. प्रत कंपनीकडेच राहते. पण तीच कंपनी आभासी यंत्राची तयार प्रतिमा ग्राहकाला उतरवून घ्यायला देते आणि त्या प्रतिमेत बूटलोडर असतो, तेव्हा ते निर्विवाद देणे असते.

आयपीएक्सईचा स्वतःचा तोडगा

२०१५मध्ये आयपीएक्सईने या ओझ्याचा एक भाग परवान्यातूनच हलका केला. जीपीएलच्या जोडीला त्यांनी बदल न केलेल्या बायनरींच्या वाटपासाठी खास परवाना आणला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो यूबीडीएल म्हणून ओळखला जातो. त्यामागचा विचार असा : सोर्स कोड जर आधीच सर्वांसाठी खुला असेल, तर त्यापासून जशीच्या तशी बनवलेली बायनरी पुढे देणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा सोर्स पुरवावा यात फारसे हशील नाही. बदल केलात, की मात्र नेहमीचा जीपीएल लागू.

यात मेहनत होती ती संमतीची. वेगवेगळ्या लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेला कोड एका माणसाच्या सहीने नव्या परवान्याखाली जात नाही. प्रत्येक फाइलमध्ये कोणाच्या ओळी आहेत आणि त्यांची परवानगी आहे का, हे पाहावे लागले. याची पायाभरणी जीपीएक्सईच्या काळात झाली होती. तिथे प्रत्येक सोर्स फाइलमध्ये तिचा परवाना एका ठरावीक खुणेने नोंदवण्याची पद्धत पडली. बायनरी बनवताना ‘.licence’ असे लक्ष्य दिले, की बांधणीची व्यवस्था त्या बायनरीत आलेल्या सगळ्या फाइलींच्या खुणा वाचून एकंदर परवाना कोणता ते सांगते. एवढ्या लहान प्रकल्पाने ही शिस्त पाळली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या पद्धतीचा परिणाम समजून घेणे गरजेचे आहे. लिनक्स कर्नलमधून आणलेले काही ड्रायव्हर फक्त जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत. त्यांना यूबीडीएल लागू नाही. असा एक जरी ड्रायव्हर बायनरीत आला, तरी ती संपूर्ण बायनरी साध्या जीपीएलच्या अटींवरच द्यावी लागते. म्हणून ‘आयपीएक्सईला सोर्स द्यावा लागत नाही’ हे वाक्य सरसकट खरे नाही. कोणती बायनरी, यावर ते अवलंबून आहे.

यूबीडीएलवरचे आक्षेपही विचार करण्यासारखे आहेत. सोर्स कोड आज सार्वजनिक ठिकाणी आहे, दहा वर्षांनी असेल का? जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन वर्षे टिकणाऱ्या लेखी हमीचा एक पर्याय आहे. तिथे जबाबदारी देणाऱ्याची असते. इथे ती जगाच्या भरवशावर सोडलेली आहे. दुसरा आक्षेप पडताळणीचा. बायनरीत बदल केलेला नाही हे घेणाऱ्याला कसे कळणार? कंपायलर वेगळा असला तरी बाइट बदलतात. नेमक्या कोणत्या टप्प्यावरचा सोर्स आणि कोणती साधने वापरली, याची नोंद सोबत नसेल, तर ‘जशीच्या तशी’ या शब्दांना देणाऱ्याच्या शब्दापलीकडे आधार राहत नाही. समर्थकांचे उत्तर असे, की गिटच्या इतिहासाच्या असंख्य प्रती जगभर आहेत आणि कपाटातल्या सीडीपेक्षा त्या जास्त टिकतील. माझ्या मते पहिल्या आक्षेपाला हे उत्तर पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

याच्याच शेजारचा एक प्रश्न स्क्रिप्टचा. आयपीएक्सईच्या बायनरीत आपली स्क्रिप्ट बांधून टाकता येते. कोणत्या सर्व्हरकडे जायचे, कोणता मेन्यू दाखवायचा, हे त्यात असते. जीपीएलखाली अशी बायनरी दिली, तर स्क्रिप्ट सोर्सचा भाग धरायची का? ती नुसती माहिती आहे असे काही म्हणतात. बायनरी पुन्हा बनवायला जे लागते ते सगळे सोर्सच, असे काहींचे म्हणणे. वाद टाळण्याचा सरळ मार्ग आहे : स्क्रिप्ट बाहेर ठेवावी आणि बूटलोडरने ती एचटीटीपीवरून आणावी. पासवर्ड बायनरीत अडकत नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा.

सिक्युअर बूट आणि किल्ल्या

यूईएफआयच्या सिक्युअर बूटने प्रश्नाला नवी बाजू दिली. आता बूटलोडरवर यंत्राला ओळखीची सही लागते, आणि बहुतेक यंत्रे ओळखतात ती मायक्रोसॉफ्टची सही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत, ग्राहकोपयोगी उपकरणाबरोबर कार्यक्रम दिला तर बदललेली आवृत्ती त्यावर बसवण्यासाठी लागणारी माहितीही द्यावी, अशी अट आहे. वेळ पडल्यास सहीची किल्लीही त्यात आली.

२०१२मध्ये यावरून मोठी चर्चा झाली. एखाद्या यंत्र बनवणाऱ्याच्या चुकीमुळे आपली खासगी किल्ली उघड करावी लागेल या भीतीने कॅनॉनिकलने उबुंटूसाठी ग्रब २ सोडून इंटेलचा एफिलिनक्स घेण्याचे जाहीर केले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ही भीती अनाठायी असल्याचे सविस्तर मांडले. दोन्ही बाजू बोलल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनॉनिकल पुन्हा ग्रब २कडे वळले. या चर्चेतून परवान्याचा अर्थ न्यायालयाबाहेर स्पष्ट झाला, आणि तो आजही धरला जातो.

मायक्रोसॉफ्टने आपली बाजू धोरणात लिहून ठेवली आहे : जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखालचा किंवा किल्ली मागण्याचा हक्क देणारा कोड सहीसाठी चालणार नाही. म्हणून सही होते ती बीएसडी परवान्याच्या शिमवर, आणि शिम पुढच्या ग्रबची सही स्वतःकडच्या किल्लीने तपासतो. नेटवर्कवरून सिक्युअर बूट करणारे लिनक्सवाले याच जोडीवर भिस्त ठेवतात. आयपीएक्सई दुसऱ्या आवृत्तीखाली असल्याने परवान्याची आडकाठी कमी, पण सुरक्षेची तपासणी वेगळी आणि कडक. आयपीएक्सईला पुढे वाट देणाऱ्या शिमसाठी मायक्रोसॉफ्टने तपासणीच्या जादा पायऱ्या घालून दिल्या आहेत. कायद्याने तुम्हाला बदल करण्याची मुभा आहे, पण बदललेली बायनरी यंत्र सुरूच करत नाही, हे चित्र मुक्तस्रोताच्या बाजूने उभ्या असलेल्यांना बोचते. समोरचे म्हणतात, किल्ली स्वतःची नोंदवण्याची किंवा सिक्युअर बूट बंद करण्याची सोय पीसीवर आहे. ती सोय जिथे आहे तिथवर हे उत्तर खरे आहे.

दरम्यान यूईएफआयच्या २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५पासून, एचटीटीपी बूट फर्मवेअरमध्येच आला. त्याचा संदर्भकोड ईडीके २मध्ये सढळ बीएसडी परवान्याखाली आहे, २०१९पासून पेटंटच्या कलमासह. कंपन्या तो घेऊन बंद फर्मवेअर बनवू शकतात. जीपीएलचा बूटलोडर वापरावाच लागेल अशी जागा त्यामुळे आक्रसत चालली आहे.

मेन्यूतली भेसळ

प्रत्यक्ष लॅबमध्ये चुका होतात त्या वर सांगितलेल्या बारकाव्यांत कमी आणि मेन्यूत जास्त. विमबूट हे विंडोज पीई नेटवर्कवरून सुरू करणारे साधन जीपीएलखाली आहे. विंडोज पीई स्वतः मायक्रोसॉफ्टच्या अटींखाली. ते रोजच्या वापराची प्रणाली म्हणून चालवता येत नाही आणि सलग ७२ तासांनी आपोआप पुन्हा सुरू होते. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ ही नावे सारखी असली तरी दुसरे जीपीएलचे आणि पहिल्याच्या नव्या आवृत्त्या बंद आहेत. व्हेंटॉय जीपीएलखाली, तर त्याच कर्त्याचा नेटवर्क बूटसाठीचा आयव्हेंटॉय फुकट मिळत असला तरी त्याचा सोर्स खुला नाही. बूटलोडर मुक्त असला म्हणून त्याच्या मेन्यूतले सगळे मुक्त होत नाही.

काय उरले आहे

स्वतःच्या यंत्रांपुरती जबाबदारी येत नाही, आणि प्रतिमा किंवा उपकरण बाहेर दिले तर येते, या दोन टोकांवर आता वाद नाही. मधला पट्टा मोकळा आहे : दुसऱ्याच्या यंत्राच्या मेमरीत क्षणभर गेलेली प्रत. जीपीएलची जी ठळक प्रकरणे न्यायालयात गेली, २००४मध्ये म्युनिकच्या न्यायालयात गाजलेले नेटफिल्टरचे असो की पुढची बिझीबॉक्सची, त्यांत प्रत उपकरणात कायमची बसलेली होती. मेमरीतल्या बूटलोडरला त्यांचा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या कलमाचा शेवटचा परिच्छेद अशा वेळीच उपयोगी पडतो. बायनरी जिथून उतरवून घेता येते, तिथूनच सोर्सही तितक्याच सहज घेता येत असेल, तर सोर्स दिल्यासारखाच आहे, असे तो सांगतो. घेणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे असेही नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात, गोव्यात ज्यांच्या हाती शाळा-कॉलेजांच्या लॅब आहेत, त्यांना एवढीच विनंती. बूट सर्व्हरवर बायनरीच्या शेजारी एक फोल्डर करा. त्यात ज्या सोर्सवरून बायनरी बनली त्याचा टारबॉल, बांधणीची सेटिंग, टप्प्याचा क्रमांक आणि परवान्याची प्रत ठेवा. काही मेगाबाइट जागा लागेल आणि एक दुपार जाईल. उद्या एखाद्या विद्यार्थ्याला आपले यंत्र सुरू कसे होते हे उघडून पाहावेसे वाटले, तर त्याला ते तिथेच सापडेल.